अंदालुसिया स्वतःचं स्वतः फिरायचंय? आधी अलहंब्राचं तिकीट, मग बाकी सगळं

आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा (दोघंही सत्तरी पार, आईचे गुडघे कुरकुरणारे), मध्यंतरी एप्रिलमध्ये दक्षिण स्पेनला दहा दिवस फिरून आलो. टूर कंपनी नाही, गाइड नाही, सगळं घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून ठरवलं. तेव्हापासून महिन्याला एक तरी फोन येतो, "अगं ते स्पेनचं कसं केलंत सांग ना", आणि मी दर वेळी तेच पाऊण तास बोलते. म्हणून एकदाच लिहून टाकतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवीन आणि भाजी चिरायला मोकळी होईन.

बार्सिलोना-माद्रिद यात नाही. फक्त अंदालुसिया, म्हणजे स्पेनचा दक्षिण भाग. इथे जवळजवळ आठशे वर्षं कुठे ना कुठे मुसलमान राजवट होती, म्हणून एकाच भिंतीत अरबी नक्षी, गॉथिक कमान आणि रोमन खांब असं सगळं सापडतं. शिवाय डोंगर, दऱ्या, समुद्र.

१. नकाशा डोक्यात बसवा आणि महिना ठरवा

पाच नावं लक्षात ठेवा: मालागा, रोंदा, सेविया, कोर्दोबा, ग्रानादा. ज्याला आपण सेव्हिल म्हणतो ते तिथे सेविया, कारण डबल एलचा उच्चार य होतो, जेचा ह किंवा ख होतो आणि एच तर बोलतच नाहीत. ग्रानादाच्या अलहंब्रा या राजवाड्याला तिथले लोक "आलांब्रा" म्हणतात. बसमध्ये घोषणा ऐकताना हे माहीत असलेलं बरं, नाहीतर आपला स्टॉप येऊन जातो आणि आपण ढिम्म बसलेलो.

महिना: मार्च ते मेचा मध्य, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सेविया आणि कोर्दोबा चाळीसच्या वर जातात. नागपूरकर लगेच म्हणतील आम्हाला काय उन्हाचं सांगता, पण तिथे एक वेगळी गंमत आहे. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे लावलेलं आहे, उन्हाळ्यात सेवियाला घड्याळात पाच वाजतात तेव्हा सूर्याचे जेमतेम अडीच वाजलेले असतात. म्हणजे "चार वाजता ऊन उतरलं की निघू" हा आपला हिशोब पार चुकतो, चारला ऊन चढतंच असतं. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, तेव्हा दुपारी झोपा आणि संध्याकाळी फिरा, तिथले लोक तेच करतात.

इस्टरच्या आधीचा आठवडा, ज्याला ते सेमाना सांता म्हणतात, तो बघायचाच असेल तरच त्या तारखा घ्या. मिरवणुका भव्य असतात पण हॉटेलचे भाव गगनाला भिडतात आणि सेवियातले रस्ते बंद होतात. आम्ही इस्टर उलटल्यावर आठ दिवसांनी गेलो, झाडांना नारिंगाचा मोहर होता, अख्खं शहर घमघमत होतं.

२. फ्लाइटच्याही आधी अलहंब्रा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. ग्रानादाच्या टेकडीवरचा अलहंब्रा म्हणजे नासरी या मुसलमान घराण्याचा किल्ला, राजवाडे आणि बागा. आत रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे आणि नासरी राजवाड्यांसाठी तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट. हंगामात तिकिटं आठवडेच्या आठवडे आधी संपतात. बहुतेक लोक काय करतात, आधी फ्लाइट, मग हॉटेल, आणि निघायच्या दहा दिवस आधी "चला आता तिकिटं बघू". तोवर सगळं गेलेलं. मी स्वतः आधी तसंच करणार होते, एका मैत्रिणीने वेळेवर कान धरला.

तर क्रम उलटा करा. रजा कधी मिळणार ते नक्की झालं की अलहंब्राची कुठली तारीख मोकळी आहे ते बघा आणि ट्रिप त्या तारखेभोवती बांधा. दोन-अडीच महिने आधी बसलात तर निवांत मिळतं.

बुकिंग करताना काय सांभाळायचं:

- "जनरल" तिकीट घ्या, वीस युरोच्या आसपास आहे. त्यात नासरी राजवाडे, अल्कासाबा हा किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा तिन्ही येतात. "गार्डन्स" नावाचं स्वस्त तिकीटही असतं, त्यात राजवाडेच नाहीत! घाईत लोक तेच घेतात आणि मग गेटवर भांडतात.
- प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर टाकावा लागतो, आणि तिथे ओरिजिनल पासपोर्ट बघतात. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका.
- स्पॅनिश फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने असतात कारण तिथे प्रत्येकाला वडिलांकडचं एक आणि आईकडचं एक अशी दोन आडनावं. आपण दुसरा रकाना सोडून द्यायचा. माझ्या नवऱ्याने तिथे मोठ्या विश्वासाने सासऱ्यांचं नाव लिहिलं होतं, पैसे भरायच्या आधी दिसलं म्हणून बरं.
- ज्येष्ठ नागरिकांची सवलत दिसली म्हणून आई-बाबांसाठी तिच्यावर टिक करू नका, ती युरोपियन युनियनच्या नागरिकांना आहे. बारा वर्षांखालची मुलं फुकट, पण त्यांच्या नावाचंही तिकीट काढावंच लागतं.
- गूगलवर शोधलं की वरच्या दोन-तीन लिंक जाहिराती असतात, दिसायला अगदी सरकारी, आणि तेच तिकीट दुप्पट-तिप्पट भावाला. खाली उतरा, अधिकृत साइट शोधा.
- कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच चालू करून ठेवा. आमचं पेमेंट तीनदा फेल गेलं, चूक आमचीच, आणि तेवढ्यात सकाळचा स्लॉट उडाला.

तिकीट नाहीच मिळालं तर लगेच रडू नका. ग्रानादा कार्ड नावाचा शहराचा पास असतो, त्यात अलहंब्रा धरलेलं आहे आणि त्याचा कोटा वेगळा. दोब्ला दे ओरो नावाचं जोड तिकीट असतं, अलहंब्रा अधिक शहरातली काही जुनी अरबी घरं-हमामं. रात्रीची भेटही असते. हे तिन्ही बघून मगच हार माना.

आता कोणी म्हणेल व्हिसा नाही आला तर? तर वीसेक युरो माणशी गेले. तो धोका मी पत्करला. तारीख हातातून जाण्यापेक्षा ते परवडलं.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर जाऊ नका, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं हीच एक परीक्षा असते. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतो.

आमची फाइल अशी होती:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्टही सोबत
- फोटो ३५ बाय ४५ मिमी, पांढरी पार्श्वभूमी
- फॉर्म, सहीसकट. आईची सही पासपोर्टवर मराठीत आहे, फॉर्मवर तिने कौतुकाने इंग्रजीत केली, परत भरायला लागला
- प्रवास विमा, निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर असलेला
- जाण्या-येण्याचं फ्लाइट रिझर्वेशन आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग (फ्री कॅन्सलेशनवालं घ्या)
- बँक स्टेटमेंट शिक्क्यासह, आयटी रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, बाबांसाठी पेन्शनचे कागद
- मुलीच्या शाळेचं पत्र आणि जन्मदाखला
- कव्हरिंग लेटर आणि दिवसवार कार्यक्रम

शेवटचा कागद लोक टाळमटाळ करून लिहितात. "दिवस ३, साइटसीइंग" असं नका लिहू. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, कशाने, मुक्काम कुठे, आणि हॉटेलच्या तारखांशी ते तंतोतंत जुळलं पाहिजे. आमचा एक दिवस दोन गावांत मोजला गेला होता, काउंटरवरच्या मुलीने पेन्सिलने गोल केला.

फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५, सेंटरचा चार्ज वेगळा. आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या बॉर्डरवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीय, रांग लांबते, तेव्हा कनेक्टिंग फ्लाइटमध्ये दीड तासाचं अंतर ठेवून धावपळ करून घेऊ नका. मुंबईहून मालागाला थेट विमान नाहीच, कुठेतरी बदलावं लागणारच.

४. बाकीची तिकिटं आणि सोमवारची भानगड

सेवियाचा अल्कासर (राजवाडा) आणि कॅथेड्रल, दोन्ही ऑनलाइन, वेळेचा स्लॉट. अल्कासर आजही राजघराण्याच्या वापरात असलेला राजवाडा आहे, त्यातला सगळ्यात देखणा भाग पेद्रो पहिला या ख्रिश्चन राजाने १३६० च्या दशकात अरबी पद्धतीने बांधून घेतला, भिंतीवर त्याची स्तुती अरबी लिपीत! बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले होते, शेवटी म्हणाले, "म्हणजे लढाई वेगळी आणि आवड वेगळी."

कॅथेड्रलच्या तिकिटात हिराल्दा मनोरा येतो. हा आधी मशिदीचा मिनार, बाराव्या शतकाच्या शेवटी पुरा झालेला, उंची शंभर मीटरच्या वर. गुडघेवाल्यांना खूशखबर, आत जिना नाही, ३५ उतार आहेत, म्हणे अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसे केले. फक्त शेवटी थोड्या पायऱ्या. आई हळूहळू, प्रत्येक खिडकीशी थांबत, वरपर्यंत आली. कोलंबसची कबर इथेच आहे, स्पेनच्या चार जुन्या राज्यांचे चार दूत खांद्यावर शवपेटी घेऊन उभे. कॅथेड्रलच्या तिकिटावर एल साल्वादोर हे चर्चही बघता येतं, लोक विसरतात.

शेजारीच आर्काइव्ह ऑफ द इंडीज आहे, १७८५ साली स्थापन झालेलं, प्रवेश फुकट. "इंडीज" म्हणजे आपण नव्हे, अमेरिका. कोलंबस भारत शोधायला निघाला त्या चुकीचं हे कपाट-कपाटभर कागदपत्रांचं घर.

कोर्दोबाची मेझकिता (म्हणजे मशीद) मात्र माझ्या मते अलहंब्राच्याही वर. ७८५ च्या सुमाराला सुरुवात, मग दोनशे वर्षं वाढतच गेली. आठशेच्या वर खांब, त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, आणि सोळाव्या शतकात या सगळ्याच्या बरोब्बर मध्ये उभं केलेलं कॅथेड्रल. टीप अशी की सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो, ग्रुप सोडत नाहीत. पैशापेक्षा शांतता मिळते ती मोठी. आम्ही आठ वीसला दारात होतो, आत गेल्यावर दिवे मंद, आपल्याच चपलांचा आवाज. साडेनऊला सगळ्यांना बाहेर काढतात. समजा निवांत बघायचंच असेल तर दुपारी तिकीट काढून परत जा, आम्ही गेलो.

आता सोमवार. सरकारी म्युझियमं सोमवारी बंद आणि रविवारी दुपारी तीनपर्यंतच. सेवियाचं ललितकला म्युझियम, कोर्दोबाचं पुरातत्त्व म्युझियम, कोर्दोबाबाहेरचे मदिना अझाहराचे अवशेष, सगळं यात आलं. ही तिन्ही युरोपियनांना फुकट, आपल्याला दीड युरो. दीड युरोत सेवियाच्या म्युझियममध्ये मुरिल्यो या चित्रकाराची भलीमोठी चित्रं, तीही जुन्या मठाच्या चर्चमध्ये टांगलेली, आणि गर्दी जवळजवळ नाही. तिथे जाच.

मदिना अझाहरा म्हणजे खलिफा तिसऱ्या अब्द अर-रहमानने ९३६ पासून वसवलेलं राजधानीचं शहर, शंभर वर्षंही टिकलं नाही, २०१८ साली जागतिक वारसा झालं. खाली म्युझियम, तिथून शटल बसने वर जायचं, बसचे पैसे वेगळे.

मालागात पिकासो जन्मला (१८८१), त्याचं म्युझियम रविवारी शेवटचे दोन तास फुकट असतं, रांग लावायची तयारी ठेवा.

५. ट्रेन, बस, मुक्काम

आमचा मार्ग: मालागा ३ रात्री, रोंदा १, सेविया ३, कोर्दोबा १, ग्रानादा २, आणि बसने परत मालागा विमानतळ. सेविया ते कोर्दोबा हायस्पीड ट्रेनने पाऊण तास, कोर्दोबा ते ग्रानादा दीडेक तास. ट्रेनची तिकिटं आधी काढली की स्वस्त, विमानासारखं. स्टेशनवर सामान स्कॅन होतं आणि गाडीचं गेट वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद, तिथे "थांबा हो, म्हातारी माणसं आहेत" चालत नाही.

कार घ्यावी का? शहरांत अजिबात नको. जुन्या गल्ल्या पुण्याच्या पेठेपेक्षा अरुंद, काही भागांत बाहेरच्या गाड्यांना बंदी, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड मागून येतो. डोंगराच्या दिवसापुरती भाड्याने घ्या, आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओतून काढून न्या.

मुक्काम बुक करताना "लिफ्ट आहे का" हे लिहून विचारा. जुन्या घरांत तिसरा मजला म्हणजे खरोखर तिसरा मजला. ग्रानादात अल्बायसिन भागात घर सुंदर मिळतं पण चढ आणि गोटे, ट्रॉली बॅग घेऊन तिथे चढणारी माणसं बघितली की दया येते.

६. अलहंब्राच्या दिवशी काय करायचं (आम्ही काय केलं ते करू नका)

तिकिटावर जी वेळ आहे ती नासरी राजवाड्यांच्या दाराची. मुख्य प्रवेशाची नाही. मुख्य गेटपासून राजवाड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चाल, आईबरोबर पंचवीस. आमचा स्लॉट अकराचा होता. मी म्हटलं साडेनऊला पोचलोय, आधी बागा उरकू. बागा उरकत नसतात! अकरा वाजून पाच मिनिटांनी मला तिकीट नीट वाचायची बुद्धी झाली, तेव्हा आम्ही हेनेरालिफेच्या टोकाला. मग जे पळालो. मुलगी पुढे, मी तिकिटं फडफडवत मध्ये, नवऱ्याच्या हातात आईचा हात, बाबा "मी येतो गं, तुम्ही व्हा पुढे" म्हणत मागे. स्लॉट संपायला तीन मिनिटं असताना शेवटचा माणूस म्हणून बाबा आत आले.

तेव्हा क्रम असा ठेवा: सी३० किंवा सी३२ मिनीबसने वर, तिकीट फोनवर असेल तर न्यायाच्या दरवाजाने आत, त्यामुळे राजवाडा जवळ पडतो. आधी अल्कासाबा, मग वेळेच्या वीस मिनिटं आधी राजवाड्याच्या दाराशी, मग पाचवा कार्लोस या ख्रिश्चन राजाचा गोल अंगणाचा महाल, आणि शेवटी बागा, तिथे वेळेचं बंधन नाही. सॅक पाठीवर नाही, पोटावर घ्यायला लावतात, नक्षीला घासू नये म्हणून.

राजवाड्यात लोक मोबाइल वर धरून चालतात. सिंहांच्या चौकात (बारा सिंह, १२४ खांब) जरा खाली बघा, फरशीत कोरलेल्या बारीक पाटांतून पाणी खोल्यांच्या आतपर्यंत जातं. सगळं पाणी दार्रो नदीवरून काही किलोमीटर लांबून पाटाने आणलेलं, संभाजीनगरची पाणचक्की बघितली असेल तर हे डोकं लगेच कळतं. शेवटचा नासरी सुलतान बोआब्दिलने २ जानेवारी १४९२ ला इथल्या किल्ल्या कॅथलिक राजा-राणीच्या हाती दिल्या, त्याच वर्षी कोलंबस निघाला.

बागेत सगळ्यात वर पाण्याचा जिना आहे. जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर उलटी कौलं ठेवावीत तशी पन्हळ, आणि त्यातून गार पाणी खळखळत खाली. म्हणजे तुम्ही कठड्याला हात लावून चढता आणि हात पाण्यातून जातो. आईने चप्पल काढली, का ते तिलाच माहीत, आणि पूर्ण जिना हात पाण्यात ठेवून चढली. वर जाऊन म्हणाली, वाईच्या आमच्या वाड्याला पावसात अशीच पन्हळ वाहायची. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

किमान चार तास धरा. पाणी-खाऊ बरोबर.

७. डोंगर, दरी, दगड

*कामिनितो देल रेय.* मालागापासून ट्रेनने चाळीसेक मिनिटांवर एल चोरो, तिथल्या दरीच्या कड्याला खिळवलेली पायवाट, नदीपासून शंभर मीटर वर. १९०१ ते १९०५ मध्ये वीज प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधली, मग मोडकळीला येऊन बदनाम झाली, २०१५ मध्ये नवी करून उघडली. एकूण ७.७ किमी, त्यात प्रत्यक्ष लाकडी फळ्यांचा भाग दीडेक किमी. एकेरी आहे, उत्तरेकडून आत, दक्षिणेकडे बाहेर, तेव्हा आधी एल चोरोहून शटल बसने उत्तर टोकाला जायचं असतं, त्याला वेळ धरा. हेल्मेट तिथे देतात. आठ वर्षांखालच्या मुलांना मनाई, मुलाचं वय दाखवायला पासपोर्ट हवाच. सोमवारी बंद. वारा जोरात असेल तर ऐन वेळी बंद करतात. हेही तिकीट आठवडे आधी काढा. नवरा आणि मुलगी गेले, मी फोटो बघून समाधानी आहे. सिंहगड-राजगड करणाऱ्यांना दमायला होणार नाही, उंचीची भीती असेल तर मात्र अर्ध्यातून परतायची सोय नाही.

*आंतेकेरा.* याला कोणी भाव देत नाही आणि मला सगळ्यात आवडलं. मेंगा नावाची दगडी कबर, पाच हजारांहून जास्त वर्षं जुनी, छपराच्या एका शिळेचं वजन दीडशे टनांच्या घरात. आत उभं राहून दाराबाहेर बघितलं की समोर एक डोंगर, माणसाचा झोपलेला चेहरा असावा तसा, कबरीचं तोंड मुद्दाम त्याच्याकडे केलेलं. २०१६ पासून जागतिक वारसा, आणि प्रवेश फुकट! जवळच एल तोर्काल, पूर्वीच्या समुद्रतळाचा चुनखडक वर येऊन पावसा-बर्फाने असा झिजलाय की थाळ्यांवर थाळ्या रचल्यासारखे दगड. हिरवी वाट छोटी, पिवळी मोठी. ट्रेकिंगचे बूट घाला, दगड गुळगुळीत. इथे यायला सोयीची बस नाही, म्हणून आम्ही एक दिवस कार घेतली.

*रोंदा.* ९८ मीटर उंच पूल, १७९३ मध्ये पुरा झालेला, दरीवर बसवलेलं गाव. दिवसाच्या बसा पाचनंतर निघून जातात, म्हणून एक रात्र राहा. पूल वरून दिसत नाही, खालच्या वाटेने दरीत उतरा.

सिएरा नेवादाच्या कुशीतली अल्पुहारा गावं (पाम्पानेइरा, कापिलेइरा) ग्रानादाहून बसने होतात. दोन्याना अभयारण्य पक्षीवेड्यांसाठी, आत फक्त गाइडच्या जीपने. आमच्याकडे दोन्हीला दिवस उरला नाही.

८. फसायच्या जागा

ग्रानादा आणि सेवियाच्या कॅथेड्रलजवळ बायका हातात रोझमेरीची काडी कोंबतात, तळवा धरून भविष्य सांगायला लागतात आणि मग पैसे मागतात. हात खिशात, "नो, ग्रासियास", चालत राहा. बाबांनी प्रसाद समजून दोन्ही हातांनी घेतली, पाच युरोला पडली.

ग्रानादातल्या मिरादोर दे सान निकोलास या उंच जागेवरून सूर्यास्ताला अलहंब्रा लाल होतो, नावच मुळी "लाल" या अरबी शब्दावरून. तिथे सगळ्यांचं लक्ष समोर, खिसेकापूंचं मागच्या खिशावर.

तारिफाहून मोरोक्कोची बोट तासाभरात पोचते, पलीकडे आफ्रिका दिसते, मोह होतो. तुमचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर जाऊ नका, शेंगेनबाहेर पडलात की परत आत यायचा रस्ता बंद.

सेवियातली रस्त्यावरची नारिंगं तोडून खाऊ नका. कडू असतात. आमच्या कन्येने खात्री करून घेतली आहे.

९. शाकाहारी माणसाने काय खायचं

हे वाक्य पाठ करा: "सोय वेखेतारियानो, नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन." बाईमाणूस असेल तर "वेखेतारियाना". हामोन, म्हणजे डुकराचं मांस, वेगळं सांगावं लागतं, कारण बऱ्याच ठिकाणी ते मांसात धरतच नाहीत, मिठासारखं वरून भुरभुरवतात. मिक्स सॅलडमध्ये टूना असतो, "वेखेताल" नावाच्या सँडविचमध्येही. साल्मोरेखो हे टोमॅटोचं घट्ट गार सूप, "सिन हामोन, सिन उएवो" म्हटलं की अंडं-हॅम न घालता देतात.

जेवायच्या वेळा सांभाळा. किचन दुपारी चारला बंद ते रात्री आठ-साडेआठला उघडणार. आई-बाबांना सातला भूक लागायची, आम्ही रोज संध्याकाळी सुपरमार्केटमधून दही, ब्रेड, फळं आणून ठेवायचो, सोबत नेलेलं मेतकूट आणि थेपले होतेच.

सेवियात पालक आणि काबुली चणे (एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस) जिरं घालून करतात, डोळे मिटून खाल्लं तर घरचंच. आणि वांग्याचे काप! पातळ कापून तळलेले, वरून काळसर काहीतरी ओतलेलं. मेन्यूत "मिएल" म्हणजे मध लिहिलेलं. बाबांनी बोट लावून चाखलं, परत चाखलं, आणि वेटरला चक्क मराठीत म्हणाले, "अहो, ही काकवी आहे!" खरंच काकवीच. अरबांनी ऊस या किनाऱ्यावर आणला आणि मालागाजवळ फ्रिखिलियाना गावात आजही उसाच्या रसाची ती बनवणारा कारखाना आहे, "मिएल दे कान्या" म्हणतात. बाटली कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते. चेक-इनच्या बॅगेत टाका, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. आमची एक नवऱ्याच्या हँडबॅगेत राहिली होती, ती मालागाच्या सिक्युरिटीत गेली.